उसनी संध्याकाळ

*ताई, माझं वय ४८. शाळेत चित्रकला शिकवतो आणि रात्री-सुट्टीत स्वतःचं काम करतो. लहानपण पणजीसमोर, मांडवीपलीकडच्या पर्वरीला, हाउसिंग बोर्डाच्या वसाहतीत गेलं. गेली चार वर्षं मी तेवढंच रंगवतोय: आमची घरांची रांग, गेट, पाण्याची टाकी, क्रिकेट खेळायचो तो मोकळा तुकडा. एका गॅलरीत नेऊन दाखवली. त्यांनी चहा पाजला आणि म्हणाले, हात चांगला आहे, पण यात गोवा दिसत नाही. बाल्कांवची, म्हणजे दारापुढे बसायची ओटी असलेली, जुनी घरं काढलीत तर बघू. आईला दाखवली. तिने चष्मा लावून सगळी पाहिली आणि म्हणाली, "ह्या आमचा घर न्हय रे. आमच्या घरात येवढो काळोख खंय होतो?" भाऊ म्हणतो, गेट निळं नव्हतंच, हिरवं होतं; तू सगळं मनाचं काढतोस. त्यात त्याला आता घर विकायचंय. गिऱ्हाईक आलंय, पाडून तीन मजली बांधणार. मी अडून बसलोय, पण विचारलं तर कारण सांगता येत नाही. हे सगळं नुसतं स्मरणरंजन आहे का? थांबू का?*

*ता. क. मांडवीचा पूल पडला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. बाबांची नोकरी पणजीला. पुढे कित्येक वर्षं ते फेरीने ये-जा करायचे. तेव्हापासून मला संध्याकाळ आवडत नाही. पण ते विषयाबाहेरचं झालं.*

— पर्वरीचा एक चित्रकार

तुम्ही पाठवलेले सहा फोटो आधी फोनवर पाहिले. मग शेजारच्या मुलाकडून मोठे छापून घेतले आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर मांडून ठेवले. दोन दिवस तिथेच होते. एकावर हळदीचा डाग पडलाय, माफ करा.

हात तयार आहे. पाण्याच्या टाकीखाली गळतीची ओल आणि तिच्यावर धरलेलं शेवाळ आहे ना, ते पाहून मला वास आला. तेवढा कोपरा कापून कुणी समोर ठेवला असता तरी मी म्हटलं असतं, हा माणूस तिथे राहिलेला आहे. बाकीच्या चित्राबद्दल मात्र तसं म्हणता येत नाही.

सहाच्या सहा चित्रांत संध्याकाळ आहे. तिरपं सोनेरी ऊन, लांब सावल्या, रांगेच्या टोकाला सायकलवर पोदेर, म्हणजे पाववाला. पोदेर गोव्यातल्या प्रत्येकच चित्रात असतो. त्या बिचाऱ्याला जरा सुट्टी द्या. तिसऱ्या चित्रात घरामागे माड आहे, चांगला कमरेतून वाकलेला. वसाहत नवी असताना वाकलेला माड आला कुठून? माडाला वाकायला वर्षं लागतात. पर्वरीचा सडा तेव्हा कसा होता ते मला आठवतं. चिऱ्याचा उघडा कातळ, पावसात गुडघाभर गवत, शिमग्यानंतर लाल धूळ, आणि तिच्यात नुकतीच लावलेली, काठीला बांधलेली पेरूची रोपं.

म्हणजे तुम्ही वसाहतीचं गाव करून टाकलंय. यात तुमचा एकट्याचा दोष नाही. गाव आठवायचं म्हटलं की आपल्याकडे सगळं सामान तयार असतं: सारवलेलं अंगण, दिवेलागण, ओटीवरची आजी. लेखकांनी वापरलं, चित्रकारांनी वापरलं, नाटकवाल्यांनी तर झिजवलं. वसाहत आठवायला असं सामान कुणी करून ठेवलेलं नाही. मग माणूस उसनं आणतो, आणि १७ नंबरच्या सिमेंटच्या घरावर आजीची घोंगडी पांघरतो.

आता आईचं वाक्य. ते तुम्हाला लागलंय, हे पत्रावरून कळतं. मला ते तुमच्या चित्रांवरचं आजवरचं सगळ्यात नेमकं परीक्षण वाटलं. पेडण्याकडचं बोलणं दिसतंय त्यांचं. लग्न होऊन त्या कुठल्या घरात गेल्या असतील, याचा जरा विचार करा. मातीच्या भिंती, खाली उतरलेलं कौल, एका छपराखाली तीन चुली, आणि स्वयंपाकघरात भर दुपारी दिवा. विहीर आवाराबाहेर. गोवा मुक्त झाला १९६१ ला. हाउसिंग बोर्डाचा कायदा आला १९६८ ला. मधल्या आणि नंतरच्या वर्षांत शाळांतून, कचेऱ्यांतून, बँकांतून नोकरीला लागलेली जी पिढी होती, तिच्यातल्या कितीतरी बायकांना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा नळ मिळाला तो अशा वसाहतीत. मोठ्या खिडक्या, ट्यूबलाइट, पांढऱ्या भिंती. भिंतीवर हात ठेवला तर हाताला चुना लागायचा, इतकं सगळं नवं. त्यांना ते घर म्हणजे उजेड. आणि तुम्ही त्यांच्या पुढ्यात सहा चित्रं ठेवलीत, सहाही तपकिरी.

तुमच्या लेखी ती वसाहत गेलेली गोष्ट आहे, त्यांच्या लेखी ती आलेली होती. चित्रात हे दोन्ही असायला हवं. सध्या फक्त तुमचं आहे.

आता तो ता. क. अहो, चार पानं पत्र लिहिलंत आणि असली गोष्ट विषयाबाहेर म्हणून खाली टाकलीत! ज्याला संध्याकाळ आवडत नाही, तो माणूस चार वर्षं फक्त संध्याकाळ रंगवतो, तीही सोन्याची. हे तुम्हाला कधी विचित्र वाटलं नाही?

पूल पडला ५ जुलै १९८६ ला. १९७० साली बांधलेला, जेमतेम सोळा वर्षांचा. नवा पूल १९९२ ला झाला. म्हणजे तुमच्या वयाची नऊ ते पंधरा अशी सहा वर्षं. आज मांडवीवरच्याच अटल सेतूवरून चार मिनिटांत पलीकडे जाणाऱ्या मुलांना हे सांगूनही समजत नाही, पण पर्वरीला तरी तेव्हा कळलं की आपण पणजीला एका पुलाने चिकटलेले आहोत. पूल होता म्हणून ते उपनगर होतं. पडल्यावर परत नदीपलीकडचा डोंगर झाला.

मी त्या फेरीत होते. म्हापशाहून पणजीला नोकरी, नवी लागलेली. पावसाळ्यातला परतीचा प्रवास आठवतो. बेतीच्या धक्क्याला फेरी लागायची, पुढचा लोखंडी फाळका दाणकन खाली पडायचा, त्याच्या फटींतून पाणी वर यायचं. आधी माणसं की आधी गाड्या, यावर रोज वाद. सगळ्यांच्या कपड्यांना डिझेलचा वास. आणि बाप्यांच्या एका हातात छत्री, दुसऱ्यात डबा, त्यामुळे घड्याळ बघायचं तर मनगट नाकाशी आणून बघावं लागे. ते मनगट वर करणं मी इतक्यांदा पाहिलंय की आजही कुणी तसं केलं तर मला नदी आठवते. त्या गर्दीत तुमचे बाबा असणार. मी कदाचित त्यांच्या शेजारी उभी राहिले असेन.

पण तो फेरीचा भाग माझा झाला. तुमचा भाग वर सड्यावर, घरात. तो मला ठाऊक नाही, म्हणून विचारते. आई कुठे उभी असायची, खिडकीत की दारात? दिवा लावलेला असायचा की लाइट गेलेली? बस थांब्यावर थांबल्याचा आवाज घरात ऐकू यायचा का? तुम्ही किती बसेस मोजायचात? चुलीवरचं उतरवून झाकून ठेवलेलं असायचं की बाबा आल्यावर परत गरम करायचं म्हणून तसंच? आणि तुम्ही स्वतः कुठे असायचात?

याचं उत्तर मला वाटतं मला माहीत आहे. सहापैकी चार चित्रांत गेट आहे आणि चारही वेळा ते अर्धवट उघडं आहे. वाटेवर माणूस नाही. कुणीतरी यायचंय.

आणि ते गेट तुम्ही वरून काढलंय, पाच-साडेपाच फुटांवरून, त्यामुळे पलीकडचा रस्ता आणि समोरच्या रांगेची छपरं आरामात दिसतात. नऊ वर्षांच्या मुलाचा डोळा जेमतेम चार फुटांवर असतो. त्याला रस्ता दिसतो तो गजांमधून, पट्ट्यापट्ट्यांनी. स्टुलावर बसा, हवं तर जमिनीवर बसा, पण तेवढ्या उंचीवरून एक चित्र काढून पाहा. सोनेरी ऊन नको. जुलैची सात वाजताची वेळ, ज्यात रंग असा नसतोच, नुसता ओला करडेपणा, आणि मागे घरातून येणारा ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा. तो पट्टा आईचा. मग त्यांना परत दाखवा.

तुम्ही विचारता, हे स्मरणरंजन आहे का. शब्दच बघा ना. त्यात रंजन आहे. पोदेर आणि वाकलेला माड हे रंजन. तुमच्या ता. क. मध्ये मला तरी रंजन कुठे दिसलं नाही.

गॅलरीवाल्यांचं फार मनाला लावून घेऊ नका. त्यांना भिंतीवर काय खपतं ते ठाऊक असतं आणि तो त्यांचा धंदा आहे. बाल्कांवच्या घरांना चित्रकार भरपूर आहेत. व्यंगचित्रकार मारियो मिरांडांनी जुनी घरं काढली ती लोटलीच्या तसल्याच एका घरात राहून. ते त्यांचं घर होतं, तुमचं नव्हे. चित्रकार सुधीर पटवर्धन ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून तीस वर्षं काम करत होते आणि ठाणे, उल्हासनगर, रुळांच्या कडेच्या इमारती, हेच रंगवत होते. त्यांना कुणी विचारलं असेलच की यात महाराष्ट्र कुठे दिसतो. त्यांनी गड-किल्ले काढले नाहीत.

अजून एक माणूस तुम्ही पाहावा असं वाटतं. जॉर्ज शॉ, इंग्लंडमधला, १९६६ चा जन्म. कॉव्हेंट्री शहराच्या कडेला टाइल हिल नावाची सरकारी घरांची वसाहत आहे, तिथे तो वाढला, आणि वर्षानुवर्षं तेवढीच वसाहत रंगवत राहिला. गॅरेजची बंद दारं, कुंपणं, पावसाने भिजलेली पायवाट, पाडायला काढलेला पब. चित्रांत माणसं नाहीत. २०११ ला टर्नर पारितोषिकाच्या, म्हणजे तिकडच्या कलेतल्या मोठ्या बक्षिसाच्या, शेवटच्या चौघांत तो होता. मला त्याच्यातली आवडलेली गोष्ट वेगळी आहे. तो कॅनव्हासचे नेहमीचे तैलरंग वापरत नाही. प्लास्टिकची विमानं जोडून रंगवायला मुलं जे छोट्या डबीतलं एनॅमल वापरतात, हम्ब्रोल कंपनीचं, त्या रंगाने तो ही चित्रं करतो. त्यामुळे चित्राला एक गुळगुळीत, किंचित परकी चकाकी येते, जुन्या खेळण्यासारखी.

त्याची नक्कल करा असं मी म्हणत नाही. पण आपल्या वसाहती कशाने रंगवलेल्या होत्या? भिंतीला चुना आणि त्यात नीळ, किंवा बाहेरून स्नोसेम, तो सिमेंटचा रंग. पायरीला रेड ऑक्साइड. गेटाला आणि खिडकीच्या गजांना ऑइल पेंट, चवथीच्या आधी बाबांनी स्वतः मारलेला, ब्रशचे केस त्यात अडकलेले. हार्डवेअरच्या दुकानात ५० मिलीची डबी अजून मिळते. प्लायवूडचा तुकडा घ्या, प्रायमर मारा, आणि तुमच्या महागड्या रंगांना महिनाभर हात लावू नका. दोन गोष्टी सांभाळा. पांढरं एनॅमल अंधारात ठेवलं तर पिवळं पडतं. आणि आपल्या पावसाळ्यात काहीही भिंतीला चिकटवून ठेवलं की मागून बुरशी धरते, हे तुम्हाला मी काय सांगायचं.

चवथीवरून आठवलं. चवथीच्या दिवसांत वसाहत कशी दिसायची, सांगू शकाल? नाही सांगता येणार. तुम्ही तिथे नसायचात. गणपती मूळ घरी. आदल्या दिवशी सगळं बिऱ्हाड बांधून पेडण्याला, साखळीला, फोंड्याला, जिथे ज्याचं असेल तिथे. तिकडे गणपतीवर टांगलेली फळापानांची माटोळी, फुगड्या, घुमटं आणि पाटावर बसायला जागा नाही इतकी माणसं. आणि इकडे ओळीने कुलपं. दोऱ्यांवर कपडे नाहीत, नळाखाली बादल्या नाहीत, कुकरच्या शिट्ट्या नाहीत, कुत्र्यांना कळत नाही काय झालं. माझी एक मैत्रीण, वडील केरळातून आलेले, अशाच एका वसाहतीत वाढली. ती सांगायची, चवथीचे ते दिवस तिला राणी झाल्यासारखं वाटायचं आणि रडूही यायचं. सगळ्यांच्या पायऱ्यांवर ती पाळीपाळीने बसून यायची, आज १२ नंबर, उद्या १३.

तुमच्या चार वर्षांच्या कामात आठवणीतलं सगळं येऊन गेलंय. आठवणीत नसलेलं अजून काहीच आलेलं नाही. आपलं घर आपण नसताना कसं दिसायचं, हे कुठल्याच मुलाला ठाऊक नसतं. तुमच्या रांगेत ख्रिश्चन कुटुंब असेल, बाहेरून आलेलं कुणी असेल, ती मुलं आता पन्नाशीला आली असतील. एखाद्याला शोधा, फोन करा आणि विचारा, आम्ही चवथीला गेल्यावर आमच्या पायरीवर कोण बसायचं? यंदा स्वतःही एक दुपार जाऊन या. हल्ली काही लोक गणपती फ्लॅटमध्येच आणतात, त्यामुळे पूर्वीइतका शुकशुकाट नसेल. तरी जा.

राहिलं घर. इथे मी तुमच्या बाजूची नाही. अडून बसू नका. कारण सांगता येत नाही म्हणता, कारण ते सांगण्यासारखं नाही: तुम्हाला चित्रांसाठी घर उभं राहायला हवंय. भावाच्या पोरांच्या फीचे, कर्जाचे हिशेब तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असतील. तुमच्या चार वर्षांच्या मालिकेचं भाडं त्याने का भरावं? आईंना विचारलंय का कुणी? घर त्यांचंही आहे. त्यांना विकायचं नसेल तर ते वेगळं, मग दोघांनीही गप्प बसायचं. पण त्यांची हरकत नसेल तर सही करा. सहीच्या बदल्यात एकच मागा: गेट माझं.

गिऱ्हाईक पाडणारच आहे, त्याला गेटाचं काय. भंगारवाला किलोवर नेईल त्यापेक्षा तुम्ही न्या. बिजागऱ्या चिऱ्याच्या खांबात पुरलेल्या असतील, वेल्डर बोलवावा लागेल.

आणि ते निळं की हिरवं. जुन्या वास्तूंची डागडुजी करणारे लोक मूळ रंग शोधायला एक साधी गोष्ट करतात. एक जागा धरून गोल गोल घासत जातात, मधे खोल, कडेला उथळ. मग झाडाच्या खोडासारखी वलयं दिसतात, प्रत्येक रंगाचं एक. मी शाळेतून निवृत्त होण्याआधी आमच्या चित्रकलेच्या वर्गाच्या खिडकीवर हे करून पाहिलं होतं. वरचा तपकिरी, त्याखाली करडा, त्याखाली पोपटी आणि अगदी आत, लोखंडाला चिकटून, एक असा गुलाबी की शाळेत तो कुणी आणि का लावला असेल देव जाणे. तीस वर्षं त्या खिडकीपाशी उभी राहून मी मुलांना रंगसंगती शिकवली होती.

तुमच्या गेटावर दोन्ही रंग सापडतील असं मला वाटतं. कुठला आधीचा हे कळलं तर तुम्ही दोघं भाऊ कुठल्या वर्षीचं घर आठवताय तेही कळेल. त्या निळ्या-हिरव्यात तुमच्या वयांतलं अंतर असेल.

कोरडं घासू नका, जुन्या ऑइल पेंटात शिसं असायचं, त्याची धूळ नाकात जाता कामा नये. वॉटर पेपर घ्या, २२० नंबरचा, पाण्यात बुडवून घासा, तोंडाला रुमाल बांधा. आणि भावाला बरोबर न्या. पेपर त्याच्या हातात द्या, पाणी तुम्ही ओता.